मताची दखल

गांजा कायदेशीर करावा का, यावर अमेरिकेतल्या आमच्या नेब्रास्का राज्यात मतदान होणार होतं. त्याआधी आमच्या शेरीफनं, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखानं, सभागृहात खुली चर्चा ठेवली. "सरकार कुणाच्याच बाजूचं नाही," असं म्हणत त्यानंच विरोधाची पत्रकं वाटली, तीही सरकारी खर्चानं. किळस आली. वर म्हणाला, "बोलायचंय त्यांनी फॉर्म भरा. प्रत्येक मताची दखल घेतली जाईल."

नाव, पत्ता, बाजूनं की विरोधात, कारण. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे निम्म्या गावाला शाळेत व्हर्नाबाईंनीच शिकवलेलं. त्यांनी वळणदार अक्षरात कारण लिहिलं, 'नवऱ्याला कॅन्सर आहे. गांजाचे दोन झुरके घेतले की उलट्या थांबतात, चार घास पोटात जातात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेलो, तर दारात पोलिसांची गाडी. बाईंचाच जुना विद्यार्थी लाईल वर्दीत उभा होता, एका हातात झडतीचं वॉरंट, दुसऱ्यात तो फॉर्म.

"हे काय रे, लाईल?" बाईंनी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही.



"मताची दखल घेतलीय, बाई. गुन्हा दखलपात्र निघाला."