यू लामच्या झाडाचा चहा

"हा जुन्या झाडाचा चहा नाही," शेन मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

चुलीपाशी बसलेल्या यू लामचा हात किटलीवरच थांबला. बहात्तर वर्षांची बाई. तिच्या घरात, तिच्या हातचा चहा पिऊन असं बोलायची हिंमत या डोंगरावर आजवर कुणी केली नव्हती.

"काय म्हणालात?"

"मळ्यातल्या झुडपांचा आहे, आजी. दहा-बारा वर्षांच्या. कडूपणा जिभेवर ठाण मांडून बसलाय. जुन्या झाडाचा कडूपणा लगेच विरतो, मागून घशात गोडी येते."

शेन मास्तर कुनमिंग शहरातून गावातला कच्चा पु-अर चहा चाखून निवडायला आले होते. निवड सकाळीच उरकली होती. हा पेला व्यवहारातला नव्हताच. यू लाम आपल्या झाडाचा चहा कधी विकत नसे, तो फक्त पाहुण्यांसाठी. स्वतःसुद्धा ती गेली काही वर्षं आंबवलेली चहाची पानंच चघळायची. चहा सोसत नाही म्हणायची.

"लग्नाच्या दिवशी सासूनं ते झाड माझ्या हाती दिलं. साडेतीनशे वर्षांचं! आणि काल डोंगर चढलेला तू मला शिकवतोस?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे ओसरीवर जमले.

"डब्यातलं खाऊन खाऊन जीभ मेली असेल त्याची!" शेजारीण यू इंग ओरडली. "चाखायला ठेवलंय याला, की लोकांची अब्रू काढायला?"

मास्तरही पेटले. तीस वर्षं त्यांचं पोट या जिभेवर चाललं होतं. "पुन्हा करा चहा. या वेळी पानं जरा मुरू द्या. पाणी घातलं की लगेच ओतून घेता तुम्ही."

"माझ्या चुलीपुढे मला शिकवू नकोस!"

"मग झाड दाखवा. पाठीवर बसवून नेतो तुम्हाला."

"गुडघे गेलेत माझे, अब्रू नाही गेली. माझं झाड खरं आहे हे दाखवायला मी कुणाच्या पाठीवर बसू?" ती मुलाकडे वळली. "आय पांग, ने याला वर. बघू दे डोळे फाडून. आणि परत आला की इथेच, सगळ्यांसमोर माफी मागायची."

आय पांग तिचा एकुलता एक मुलगा. इतका वेळ तो दाराशी उभा होता. त्यानं कोयता कमरेला लावला आणि खांबांवरच्या त्या घराची शिडी उतरून चालू लागला.

पायवाट संपली तिथे सिमेंटचा एक गोल ओटा होता. भोवती कठडा. मधोमध वाळलेलं खोड. साल सुटून लोंबत होती.

"लोक फोटो काढायला यायचे," आय पांग म्हणाला. "तुमच्याच धंद्यातल्या एकानं ओटा बांधला. मुळांवर सिमेंट! आम्ही नको म्हणालो, तर म्हणे झाडाची शान वाढेल. दोन पावसाळ्यांत मुळं कुजली. त्याला चार वर्षं झाली."

"आणि आजींना...?"

"आमच्या गावात म्हणतात, झाड वाळलं की त्याची धनीण वर्षाच्या आत जाते. आईला कळलेलं नाही, म्हणून ती आहे. सगळा गाव गप्प आहे. दर वसंतात मी मळ्यातली पानं खुडून इथूनच आणल्यासारखी घरी नेतो. चार वर्षं निभावलं. तुम्ही मात्र एका घोटात..."

मास्तरांना आपल्याच जिभेची चीड आली. त्यांनी ओट्याला एक सणसणीत लाथ हाणली. लागलं त्यांनाच.

ते लंगडत परतले तेव्हा सगळे ओसरीवर वाट बघत होते. मास्तर यू लामपुढे वाकले.

"माझी जीभ चुकली, आजी. झाड तुमचंच. चहाही त्याचाच."

"आता कसं!" यू इंग म्हणाली. "मळ्यातला म्हणे! उद्यापासून जीभ घासून येत जा, मास्तर!"

सगळे हसले. मास्तरांनी मान खाली घातली. हळूहळू माणसं पांगली, आय पांग लाकडं आणायला खाली गेला.

यू लामनं पेला भरून मास्तरांपुढे केला आणि त्यांची बाही घट्ट धरली.

"बुंध्याला एखादा तरी फुटवा दिसला का रे?" ती कुजबुजली. "हळू सांग. पोराला वाटतं, मला काही ठाऊक नाही."