हरणाबाईंची तांबोशी

"ह्या काडीनं मासा धरतीस व्हय?" हरणाबाईंनी सुनेच्या हातातला गळ वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "ह्यानं आमचं शेरडूबी वळायचं न्हाई."

शिवांजली हसली. काठी खरंच करंगळीएवढी बारीक होती, दोरी त्याहून नाजूक, आणि टोकाला बोटभर प्लास्टिकचा खोटा मासा. पौषातल्या थंडीत गुहागरजवळच्या त्या खडकांवर सासू-सुनेशिवाय कुणी नव्हतं. ओहोटी नुकतीच लागली होती.

हरणाबाई आटपाडीहून आल्या होत्या त्या हिवाळाभर राहायला. निदान शिवांजलीनं तसं मनाशी धरलं होतं. नवरा जयराज लष्करात, वर कुठंतरी बर्फात. ती इथल्या आरोग्य केंद्रात नर्स. ड्यूटी संपली की कुलूप काढायचं आणि भिंतींशी बोलायचं, याचा तिला वीट आला होता. पण सासूबाईंचं आल्या दिवशीच समुद्राशी बिनसलं. ओंजळभर पाणी त्यांनी तोंडात घेतलं, थू करून टाकलं आणि म्हणाल्या, "येवढं पानी, आन् घोटभर कामाचं न्हाई." तेव्हापासून त्या त्याच्याकडे पाठ करूनच बसायच्या. तोंडात सारख्या गावाकडच्या शेळ्या. काल तर लुगडी पिशवीत कोंबून, पिशवीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारून, ती दाराशी ठेवूनही झाली. उद्या पहाटेची एसटी.

"राहा की आत्या," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणताना रडू फुटेल म्हणून शिवांजलीनं ते टाळलं होतं. आज रविवारची सुट्टी होती, म्हणून निदान त्यांना ओढून इथवर आणलं होतं.

तिनं दोरी लांब पाण्यात फेकली आणि काठी सासूबाईंपुढं केली. "आत्या, जरा धरा की. चहा ओतते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचंय काय त्यात? हे रीळ नुसतं हळूहळू फिरवत राहायचं."

ती थर्मासचं झाकण उघडते न उघडते तोच रीळ किर्रर्र करून ओरडलं. काठी वाकली आणि तिचं टोक पाण्याला टेकलं.

"आगं बया! कोन वढतंय गं?"

"मासा, आत्या, मासा! रीळ फिरवा!"

हरणाबाईंनी रीळबीळ काही फिरवलं नाही. उभी हयात विहिरीच्या काठावर गेलेली बाई ती. काठी सरळ खडकावर टाकली, दोरी दोन्ही हातांनी धरली, डावा पाय कपारीला लावला, कंबर मागं टाकली आणि पोहरा शेंदावा तशा हातावर हात टाकत ओढायला लागल्या. शिवांजलीनं चहा सांडत धावत येऊन काठीवर पाय दिला, नाहीतर काठी समुद्रात गेली असती.

"आत्या, दोरी सोडा! हात कापेल!"

"गप गं! जल्मभर पानी शेंदलंय मी. मला शिकवू नगंस!"

लाटेत तांबडं काहीतरी चमकलं. तांबोशी होती, चांगली हातभर. ती बघून दोघी एकदमच ओरडल्या. आली, आली म्हणेपर्यंत माशानं शेपटीचा एक फटका दिला आणि तो खडकाखाली घुसला. दोरी खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासली, तटकन तुटली आणि हरणाबाई धपकन मागं बसल्या.

शिवांजलीला वाटलं, संपलं. आता या पहाटेचीही वाट बघायच्या नाहीत, आजच निघतील.

हरणाबाई आपला तळहात बघत होत्या. दोरीनं त्यावर लालभडक रेघ ओढली होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सासूबाई रडतायत असं वाटून शिवांजली लगबगीनं जवळ गेली, तर बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"पोरी," त्या धापा टाकत म्हणाल्या, "जल्मभर पोहरा वढला मी. पर पोहऱ्यानं मला कवा माघारी वढलं न्हाई!"

मग शिवांजलीलाही हसू आवरेना. थर्मासमध्ये उरलेला चहा दोघींनी एकाच झाकणातून प्यायला. परतीच्या वाटेवर हरणाबाई भेटेल त्याला हात पसरून मासा दाखवत होत्या. खडकांपाशी हातभर असलेली तांबोशी घर येईपर्यंत शेळीच्या करडाएवढी झाली. शिवांजलीनं त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही.

दाराशी पिशवी होती तशीच होती. हरणाबाई तिच्यापुढं फतकल घालून बसल्या. सुतळीची गाठ त्यांनी दातांनी सोडली, आत हात घालून एक जुनेर बाहेर काढलं आणि टर्रकन त्याची पट्टी फाडली. ती तळहाताला घट्ट गुंडाळली. मूठ आवळून बघितली, सोडून बघितली.

"उद्या तुझ्या डूटीच्या आदी जाऊ," त्या म्हणाल्या. "आन् तू मधीमधी रीळ फिरवा, रीळ फिरवा, करू नगंस."