ट्रंकेवरचं ठिकाण

बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर रिकामं करून गावी, कराडला परतायची वेळ आली. दर बदलीला करायचे तसं त्यांनी काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि ठिकाण रंगवलं. माझ्या ट्रंकेवर लिहिलं, ‘वैजयंती, कराड’. मी इंजिनिअर झालेय, फरीदाबादच्या कारखान्यात नोकरी लागलीय, हे माहीत असूनसुद्धा! “नाव माझं आणि ठिकाण तुमचं? मला विचारलंत एकदा तरी?” “बेटा, तिकडे स्थळ बघितलंय. इथे एकटी कशी राहशील?” “दादाला बेंगळुरूला पाठवताना नाही सुचलं हे?” मी ब्रश उचलला, ‘कराड’वर काळा रंग फासला आणि ‘फरीदाबाद’ लिहिलं. बाबा आईवर ओरडले, “समजाव हिला!” आईने आपली ट्रंक फरफटत पुढे आणली. लग्नातल्या त्या ट्रंकेवर बाबांचंच नाव होतं. “ब्रश वाळायच्या आत,” ती म्हणाली, “इथे माझं नाव लिही.”