फुकटचे तीन शब्द

“वर्गणी भरलीय मी. वर्षाची, तीही आगाऊ. मग हे पुन्हा कसले पैसे मागतंय?”

गुरुजींनी मोबाइल हातभर लांब धरला होता. पडद्यावर त्यांच्या रोजच्या वर्तमानपत्राचं नाव होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत तीन शब्द : ‘धरणासंबंधी आज दुपारी’. पुढचं सगळं धुरकट. त्या धुरकट मजकुरावर एक हिरवं बटण होतं. ‘पूर्ण बातमीसाठी अ‍ॅपचे शुल्क भरा.’

“तुमची वर्गणी कागदाची, गुरुजी,” शाळेच्या गाडीचे ड्रायव्हरमामा म्हणाले. “अ‍ॅपचे वेगळे. भरून टाका की, किरकोळ तर आहेत.”

“किरकोळ असोत नाहीतर भारी. दुधाचे पैसे घ्यायचे आणि वर म्हणायचं, पेल्यात हवं असेल तर वेगळे द्या! बातमी तीच, लिहिणारा तोच. कागदावर आली तर माझी आणि काचेवर आली की परकी?”

“कागद उद्या सकाळी येतो. हे आत्ता दिसतं.”

“दिसू दे. धरणावर कुणीतरी फीत कापायला येणार असेल. उद्या वाचली म्हणून काय ती फीत पुन्हा जुळणार आहे?”

मुलं खिदळली. गुरुजींनी मोबाइल मामांच्या हातात ठेवला. “सांभाळा, भिजायला नको,” म्हणाले आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.

नदीच्या काठावर एक लोखंडी खांब होता. पूर्वी त्याच्यावर भोंगा असायचा. धरणातून पाणी सोडायचं झालं की वाजायचा. लोकांना मोबाइलवरच कळतं म्हटल्यावर तो कुणीतरी उतरवून नेला. खांबाचे आकडे तेवढे राहिले होते. मुलांनी त्यांना दप्तरं अडकवली. चौदा दप्तरं.

नदी उन्हाळ्यातली, घोटाभर पाण्याची. वरच्या अंगाला, वळणाच्या अलीकडे, पूल दिसत होता. एकमेकांना ढकलत, ओरडत सगळी वानरसेना पात्राच्या मधोमध असलेल्या सपाट खडकावर पोचली. गुरुजी दरवर्षी हा धडा इथेच शिकवत.

“नदी पुस्तकात वाचायची नसते,” ते म्हणाले. “ती डोळ्यांनी वाचायची. तिला वर्गणी लागत नाही. आता प्रत्येकानं एक खडा घ्या. जिथं ओलं संपतं, बरोबर तिथं ठेवा. उन्हानं पाणी किती मागं सरकतं, ते आपल्याला हे खडे सांगतील.”

चौदा खडे कडेनं मांडून झाले. गुरुजी खडकावर टेकले आणि दगड गोल कसे होतात ते सांगू लागले. एकमेकांवर घासत, वर्षानुवर्षं, घाई न करता. ते सांगत असतानाच एक हात वर गेला. ती मुलगी इतके प्रश्न विचारायची की वर्गात तिला सगळे शंकाच म्हणत.

“गुरुजी, पाणी मागं सरकणार ना?”

“हो.”

“मग माझा खडा बुडला कसा?”

“हिला झोपेतसुद्धा शंका येतात,” मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा पिकला.

गुरुजींनी आजवर एकाही मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेला नव्हता. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. “बघू. शहाण्या माणसानं पुन्हा मोजावं. किती दिसतात कोरडे?”

शंकानं बोटानं मोजले. “अकरा.” मग थांबून, “नाही, नऊ.”

मघाशी तळ दिसत होता. आता पाणी गढूळ होतं. एक हिरवीगार डहाळी पानांसकट वाहत आली आणि खडकाला वळसा घालून गेली.

गुरुजींनी काठाकडे पाहिलं. येताना मुलं ज्या दगडांवर पाय देत आली होती, त्यातला एकही दिसत नव्हता.

“चला, धडा संपला,” ते म्हणाले. आवाज वर्गातलाच ठेवला. “साखळी करा. धाकटे मधे, थोरले दोन्ही बाजूंना. पळायचं नाही, हात सोडायचा नाही. मामा! ती बातमी उघडा!”

“पैसे भरावे लागतील!”

“भरा!”

पहिल्याच पावलाला पाणी गुरुजींच्या गुडघ्याला लागलं. शंकाचा हात त्यांच्या हातात होता. ती कमरेपर्यंत भिजली होती. ती काही विचारत नव्हती.

मामा काठावरून पाण्यात उतरले होते. एक हात मुलांकडे लांब केलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते पडदा दाबत होते. “भरले! भरले, गुरुजी!” मग ते वाचायला थांबले. नुसते ओठ हलले.

“काय म्हणतंय?”

“म्हणतंय... धन्यवाद. तुमची सेवा उद्या सकाळपासून सुरू होईल.”

गुरुजींनी शंकाचा हात घट्ट धरला आणि पुढचं पाऊल चाचपलं. तेवढ्यात वरच्या अंगानं आवाज आला. मालानं भरलेली अवजड गाडी पुलावरून जावी तसा, थांबायचं नाव न घेणारा.

सगळ्या मुलांनी माना वळवून पुलाकडे पाहिलं.

पुलावर काहीच नव्हतं.