एकच रेषा

"एकच रेषा ठेवा," सर म्हणाले. "दोन दिसल्या की अनुदान समिती दोन प्रश्न विचारते."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तांबडी रेषा चढत होती, ती माद्यांची. निळी उतरत होती, ती नरांची. उंदराच्या मेंदूच्या तळाशी मोहरीएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचं म्हातारपणी काय होतं, एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी आधी उंदीर म्हातारे व्हावे लागतात, आणि त्यात घाई चालत नाही. दोन वर्षं बाई त्यांच्या म्हातारपणावर टपून बसल्या होत्या. तेवढ्यात स्वतःचंही बरंच उरकून घेतलं होतं.

"सर, त्याच पेशी माद्यांत वाढल्या, नरांत घटल्या. सांगण्यासारखं आहे ते हेच."

"माद्यांचं काहीतरी वेगळं असतंच हो. ते धरून बसलो तर कामं व्हायची कधी?"

"मग नरांचं वेगळं आहे, असं म्हणू."

सरांना विनोद आवडत नसे अशातला भाग नाही. फक्त तो त्यांचा असावा लागे. त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, नर-माद्या एकत्र केल्या आणि सरासरी काढली.

पडद्यावर एक रेषा उमटली. चढ नाही, उतार नाही. इस्त्री फिरवल्यासारखी.

"बघा! किती स्वच्छ."

"ही रेषा म्हणतेय, वयाने काहीच होत नाही. मग समिती म्हणेल, होतच नाही तर पुढे शोधायचं कशाला? काम बंद."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"सर, असा एकही उंदीर आपल्याकडे नव्हता. उद्या तुमची-माझी सरासरी काढली, तर अर्ध्या टकलावर अर्धा अंबाडा येईल. त्या माणसाला औषध कसलं द्यायचं?"

सरांनी टकलावरून हात फिरवला. "फार मनाला लावून घेता तुम्ही. या वयात बायकांचं होतं तसं. आमच्या घरीही तेच चाललंय."

"आणि तुमचं?"

"मला काय धाड भरलीय?"

बाईंच्या मानेपासून कानापर्यंत आग उसळली. तो राग की आणखी काही, हे ठरायच्या आत त्यांनी उठून खिडकी सताड उघडली.

"अहो, हल्ली मला गारठा सोसत नाही," म्हणत सरांनी ती लावली. बाईंनी पुन्हा उघडली. सर पुन्हा उठले, थबकले, आणि मोठ्या समजूतदारपणे खिडकी बरोबर अर्ध्यावर आणून ठेवली.

"झालं? दोघांची सोय."

बाई रुमालाने मान पुसत उभ्या राहिल्या. सरांनी स्वेटरची कॉलर कानापर्यंत ओढली, एकदा जोरात शिंकले, आणि ती रेषा समितीला पाठवून दिली.