विचार करून कळवतो

भरतीला अजून अवकाश होता, म्हणून सोआझिगने पाहुण्यांना आधी माळा दाखवायला काढला. माळ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. पण जिना उभा होता, चढण्या-उतरण्यात वेळ बरा जायचा.

"ही तुळई माझ्या सासऱ्यांनी फुटलेल्या जहाजाची आणून बसवली," ती म्हणाली. तुळईची गोष्ट हवी तेवढी लांबवता येई. गरज पडली तर तिच्यात एक बुडालेला खलाशीही यायचा.

पाहुणे पॅरिसचे. गिस्लेन ठेंगणी, बोलकी. तिचा नवरा आर्मां उंच, नुकताच निवृत्त झालेला आणि मोजकं बोलणारा. त्यांना समुद्राकाठी सुट्टीचं घर हवं होतं. ब्रिटनीच्या किनाऱ्याला चिकटलेल्या या बेटावर तशी घरं उदंड झाली होती. ऑगस्ट सरला की सगळ्यांच्या खिडक्या बंद, त्या उघडायच्या पुढच्या जुलैत. हिवाळ्यात अख्ख्या गल्लीत दिवा लागायचा तो सोआझिगकडेच. नवरा गेला तेव्हापासून त्या दिव्याखाली ती एकटी बसायची.

म्हणून तिने दारावर पाटी लावली होती: घर विकणे आहे.

विकायचं मुळीच नव्हतं. पण पाटी बघून माणसं यायची. बेटावरून पलीकडे जाणारी दगडी वाट भरतीत पाण्याखाली जाते. सोआझिग वेळ अशी द्यायची की घर बघून होईतो वाट गडप. आता अडकलेल्या माणसांना उपाशी का ठेवायचं? शेगडीवर शिंपल्यांचा रस्सा नेमका तयार असायचा. मग ओहोटी लागेपर्यंत गप्पा. निघताना माणसं म्हणायची, "विचार करून कळवतो." कळवत कुणीच नसे. तिला हायसं वाटे, आणि मग एकदोन दिवस उगाच वाईटही वाटे.

दलाल गुलवेन मात्र हल्ली कातावला होता. "मावशी, या वेळचं गिऱ्हाईक पक्कं आहे," त्याने फोनवर दम दिला होता. "यांनाही परत पाठवलंत तर पाटी उपटून नेईन."

पाटी गेली की माणसं गेली. आणि माणसांनी हो म्हटलं, तर घरच गेलं.

खाली आल्यावर तिने खिडकीतून पाहिलं आणि गालावर हात ठेवला. "अगंबाई! वाट बुडाली की! सांगायचंच विसरले बघा."

एरवी इथे पाहुण्यांची धावपळ उडायची. गिस्लेन म्हणाली, "असू द्या हो." तिने पिशवीतून सपातांचे दोन जोड काढले, एक नवऱ्यापुढे सरकवला. आर्मांने सपाता घातल्या, तडक मागच्या खिडकीशी जाऊन खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि वाऱ्याने आपटणाऱ्या झडपेच्या बिजागरीचे स्क्रू पिळून घट्ट केले.

सोआझिग चपापली. सपाता घेऊन येणारी माणसं घर बघायला येत नाहीत, राहायला येतात.

रस्सा वाढता वाढता तिने घराची निंदा सुरू केली.

"भिंतींना ओल येते हं."

"समुद्राकाठी काय कोरडं राहणार?" आर्मां म्हणाला.

"पहाटेपासून समुद्रपक्षी भांडतात. कान किटतात."

"आमच्या वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको भांडतात," गिस्लेन म्हणाली. "पक्ष्यांचं निदान कळत तरी नाही."

सोआझिगने शेवटचा बाण काढला. "माझा नवरा याच घरात गेला. रात्री अजून खोकतो."

"मग त्यांचंही ताट मांडा," असं म्हणत आर्मांने पाव रश्श्यात बुडवला. "मादाम, आम्हाला घर पसंत आहे. घेतो आम्ही."

डाव तिच्या हातातून भांड्यात पडला. ती हळूच खुर्चीवर टेकली. काय बोलायचं ते तिने कधी ठरवलंच नव्हतं. ती वेळच कधी आली नव्हती.

"नाही हो विकायचं मला," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. माणसं यावीत म्हणून लावली ती पाटी. भरतीचंसुद्धा मला ठाऊक असतं. तुम्ही इतक्या लांबून आलात... माफ करा मला." तिने ॲप्रनने डोळे पुसले.

गिस्लेनने टेबलाखालून नवऱ्याला सणसणीत लाथ घातली.

"झालं समाधान? रडवलंस ना त्यांना! इथे जेवून गेलेल्या आपल्या पॅरिसच्या शेजाऱ्यांनी बजावलं होतं की नाही? लाद्या गार असतात, सपाता न्या. मागची झडप आपटते, स्क्रू-ड्रायव्हर न्या. आणि घर पसंत आहे असं चुकूनसुद्धा म्हणू नका!"

आर्मां कानापर्यंत लाल झाला. "राहवलं नाही. यांचा चेहरा बघायचा होता."

सोआझिग एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "पण गुलवेन... तो पाटी काढील ना आता?"

"तो कसली काढतोय! भरतीची वेळ त्यानेच तर सांगितली आम्हाला," गिस्लेन म्हणाली आणि वाडगा पुढे केला. "वाढा अजून थोडा. आणि हो, पुढच्या महिन्यात माझी बहीण येतेय घर बघायला. तिला शिंपले चालत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा."