न दाबलेलं बटण

मृदुलाचा नवरा श्रीरंग अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर होता. बाहेर ती लॅपटॉपवर त्याबाबतच्या संमतीचा अर्ज भरत होती. पडद्यावर दोन बटणं होती, ‘सुरू ठेवा’ आणि ‘बंद करा’. ट्रॅकपॅडवर बोट फिरवलं की बटणांच्या कडा बोटाला जाणवायच्या. ‘सुरू ठेवा’कडे जाताना बोट ‘बंद करा’वरून सरकलं आणि ट्रॅकपॅडच्या आतून आपोआप टक्‌कन धक्का बसला. तिने दाबलं नव्हतं.

‘संमती नोंदवली,’ अक्षरं उमटली.

ती धावत आत गेली. सिस्टरचा हात श्वासाच्या यंत्राच्या बटणावर होता. मृदुलाने तो घट्ट धरला.

“ताई, संमती तुमच्याच बोटाची आहे.”

“बोट माझं आहे. दाबलं मी नाही.”

सिस्टरने हात मागे घेतला. तिचा चेहरा उतरला होता.

“काल एक बाई हेच सांगत होत्या,” ती म्हणाली. “पण त्यांना पोचायला उशीर झाला.”